गोळ्यांचा डबा तपासणारा भाडेकरू

खोली बघायला आलेला माणूस काय विचारतो? पाणी किती वेळ येतं, लाईट कधी जाते, गाडी कुठं लावायची. हा बाबा आला, चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, तांब्याभर पाणी प्याला आणि मला म्हणाला, "वहिनी, तुमचा गोळ्यांचा डबा कुठं असतो?"

मी म्हटलं, "कसला डबा?"

"उरलेल्या गोळ्यांचा. सगळ्या घरांत असतो. तुमचा कुठंय?"

आता डबा होता हे खरं. बिस्किटाचा पत्र्याचा, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, हळदीच्या बरणीशेजारी. पण परक्या माणसानं येऊन विचारावं असं त्यात काय? मी आपला भोळेपणानं काढून दिला. त्यानं तो पलंगावर उपडा केला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि तांदूळ निवडावेत तशा गोळ्या निवडायला बसला. तात्यांच्या दाढेच्या गोळ्या निघाल्या. तात्या म्हणजे माझे यजमान, सगळी वस्ती त्यांना तात्याच म्हणते म्हणून मीपण लिहिताना तेच लिहिते. नातवाच्या कानाचं औषध निघालं. गाईच्या सडात सोडायची ट्यूब निघाली. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यातल्या कॅप्सुला निघाल्या, आणि सासूबाईंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

"ही कुणाची? किती दिवस घ्यायला सांगितली होती? मग उरली कशी?"

"बरं वाटलं म्हणून ठेवली."

"बरं वाटलं म्हणून," तो म्हणाला, आणि आभाळाकडं बघावं तसं छताच्या पत्र्याकडं बघितलं. मग उठला. "खोली पसंत हाय मला."

"खोली तर तुमी बघितलीच न्हाय."

"घर बघितलं की."

असा हा भाडेकरू आमच्याकडं आला आणि अकरा वर्षं राहिला. पुढं मी त्यांना भाऊ म्हणायला लागले, तेव्हा आता तसंच लिहिते. आमची वस्ती अंथुर्ण्याहून भवानीनगरकडं जाताना लागते. ऊस, थोडं डाळिंब, तीन गाई. भाऊ शेजारच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायला होते. सगळा गाव त्यांना कंपाउंडर म्हणायचा आणि ते दर वेळी सुधारायचे, "कंपाउंडर न्हाय, फार्मासिस्ट." लोक म्हणायचे, "व्हय व्हय कंपाउंडर, तेच ते." रिटायर झाले तरी हे चालूच.

तात्यांच्या उजव्या पावलाचं मला सांगायचंय. ते पाऊल राहतं का जातं, यावर आमचं घर काही महिने टांगलेलं होतं, आणि त्यात भाऊंचा हात होता, दोन्ही बाजूंनी. पण भाऊ कसे होते ते आधी सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही. तेव्हा थोडं फिरून येते.

दिसायला उंच, वाळका, उसाच्या वाढ्यासारखा. जेवायला मात्र तीन माणसांचा. माझ्या हातच्या पाच भाकरी खाऊन, "वहिनी, आज भूक कमीच हाय," म्हणायचे आणि सहावी मागायचे. बायको लवकर गेलेली, मुलगी सोलापूरला बँकेत. अंगात कायम पांढरा सदरा आणि खिशात छोटी कातर. त्या कातरीनं त्यांचे सगळे खिसे फाटलेले. कातर कशाला? तर कुठं रिकामं, जुनं, मुदत गेलेलं गोळ्यांचं पाकीट दिसलं की तिथंच त्याचे तुकडे करायचे, म्हणजे कुणी पुन्हा विकू नये, पोरांनी खेळू नये. माणसं पान-तंबाखू काढतात तशी हे कातर काढायचे.

रामराम, नमस्कार काही नाही. समोर माणूस आला की, "कोर्स पुरा झाला का?" एकदा तर एका लग्नात स्टेजवर चढले. नवऱ्या मुलाला महिन्यापूर्वी टायफाइड झालेला. भाऊंनी त्याचा हात हातात घेतला आणि माइकच्या शेजारीच विचारलं, "कोर्स पुरा केला का रं?" नवरीकडची मंडळी इकडं बघ तिकडं बघ. नवरीच्या मामानं मला पंगतीत विचारलं, "मावशी, मुलाला कसला कोर्स चालू हाय? आमाला कुणी बोललं न्हाय." तात्यांनी त्याला बाजूला नेऊन समजावलं, नाहीतर वरात तशीच माघारी जायची.

त्यांचं गाव इंदापूरच्या बाजूला. चौदा एप्रिलच्या जयंतीला पांढरे कपडे घालून जायचे, येताना आमच्या पोरांना बुंदीचे लाडू आणायचे. तिथं स्टेजवर बोलायला पाच मिनिटं मिळायची. त्यांचाच पुतण्या मला सांगायचा, "मामी, काका अर्धं मिनिट अभिवादन करत्यात आन साडेचार मिनिटं उरलेल्या गोळ्या."

बोलायचे काय? तेच तेच. सर्दी-पडशाला ती जंतूंची गोळी, म्हणजे अँटिबायोटिक, खायची नाही, तिचा तिथं काही उपयोग नाही. शेजारणीनं दिलेली खायची नाही. मागच्या खेपेची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणायची नाही. "डॉक्टर सांगंल तीच, सांगंल तितकी, सांगंल तेवढे दिवस. एक कमी न्हाय, एक जास्त न्हाय." हे एवढंच. पण हे एवढं सांगायला त्यांना दोन तास लागायचे, आणि समोरचा उठायला लागला की त्याचा सदरा धरायचे.

एकदा आमच्या गाईची कास सुजली. जनावरांचे डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, सडात ट्यूब सोडली आणि चार दिवस दूध डेअरीला घालू नका म्हणून सांगून गेले. आता हे आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. डेअरीत दूध तपासतात, औषध सापडलं तर दूध परत, वर सगळ्यांसमोर नाव निघतं. मग ते दूध घरात ठेवायचं. चहाला, दह्याला, पोरांना. सगळेच करायचे. मी भाऊंना सकाळचा चहा नेऊन दिला, चांगला दुधाळ. कप तोंडाजवळ नेला आणि थांबले.

"कुठल्या गाईचं?"

"कपिलेचं."

कप खाली ठेवला. "वहिनी, डेअरीवाला घेत न्हाय ते दूध तुमच्या नातवाला चालतं व्हय?"

मला राग आला. म्हटलं, "मग काय लक्ष्मी मातीत वतू?"

"वता. आन वरनं माती लोटा."

मी चार दिवस त्यांना कोरा चहा दिला, मुद्दाम. साखरही कमी घातली. त्यांनी चारही दिवस मिटक्या मारत पिला आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "सवय लागली वहिनी, हाच देत जा." हरले मी. आता आमच्या घरात त्या चार दिवसांचं दूध खड्ड्यात जातं. नातू कधी विचारतो, आज्जी, दूध का वततेस? मी म्हणते, कंपाउंडर आजोबांना विचार, नको नको, त्यांना नको विचारू, दिवस जाईल.

आणि माझी स्वतःची अक्कल सांगते, लपवत नाही. डब्यातल्या गोळ्या भाऊंनी नेल्या तेव्हा त्यांनी मला शिकवलं होतं. उरलेल्या गोळ्या मोरीत टाकायच्या नाहीत, ओढ्यात नाहीत, चुलीत नाहीत, उकिरड्यावरही नाहीत, कारण कोंबड्या टिपतात आणि खत शेवटी रानातच जातं. साध्या गोळ्या चहाच्या चोथ्यात आणि मातीत कालवून, पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्यायच्या. जंतूंच्या मात्र त्यांच्याकडं द्यायच्या, ते दवाखान्यातल्या पिवळ्या पिशवीत टाकत, ती गाडी वेगळी येते. मी ऐकलं सगळं, पण डोक्यात एवढंच राहिलं, की औषध कुठंही फेकायचं नाही. वाया घालवायचं नाही असं मी समजले. पुढं माहेरी गेले तर भावजयीच्या डब्यात मूठभर कॅप्सुला, मुदत संपत आलेल्या. तेव्हा आमच्या डाळिंबावर तेल्या पडलेला. तेल्या म्हणजे फळावर काळे तेलकट डाग येतात तो रोग, बाग जाते त्यानं. औषधाचा दुकानदार तेल्यावर फवारायला जी पुडी देतो तीही जंतू मारायचीच असते, हे मला माहीत होतं. मग काय, मी त्या सगळ्या कॅप्सुला फोडल्या, भुकटी फवाऱ्याच्या पंपात घातली आणि गडी आला तसा पंप त्याच्या पाठीवर दिला. मनात म्हटलं, वाया बी गेलं न्हाय आन बाग बी वाचंल.

भाऊ संध्याकाळी बागेकडून फिरून आले. हातात कॅप्सुलांच्या लाल-पिवळ्या रिकाम्या टोप्या. हौदाजवळ सापडल्या त्यांना.

"वहिनी, डाळिंबाचा घसा दुखतोय का?"

सूनबाई हसून हसून भिंतीला टेकली. मी खालमानेनं शेंगा सोलत राहिले. वाटलं आता दोन तास. पण ते पायरीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "सगळा जंतू मरत न्हाय वहिनी. जो उरतो तो शिकतो. तुमी त्याची शाळा काढलीय बागेत."

माझं तेवढ्यावर भागलं. बाकी कुणाला ते सोडत नसत. त्यामुळं व्हायचं काय, की लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे. पोराला ताप आला तर त्यांच्यापासून लपवून मेडिकलमध्ये जायचे. आम्ही हसायचो. यात हसण्यासारखं नव्हतं, ते पुढं कळलं.

दोन वर्षांमागची गोष्ट. कार्तिक लागलेला, ऊस तुटून गेलेला. तात्या रानातून हिंडताना तुटलेल्या उसाचं धसकट चपलेतून वर घुसलं, उजव्या पायात, करंगळीच्या खाली. तात्यांना साखरेचा आजार. पायाला बधिरपणा आलेला, दुखणं कळत नाही. घरी येऊन पाय धुतला तेव्हा रक्त दिसलं. आमच्या डब्यात तर काही नव्हतं, तो भाऊंच्या भीतीनं कधीचा डाळीला लावला होता. तात्या गेले शेजारच्या घरी, त्यांच्या डब्यातल्या तीन कॅप्सुला मागून आणल्या. दोन गिळल्या आणि एक फोडून जखमेत भरली. आमच्याकडं पिढ्यानपिढ्या असंच करतात, कॅप्सूल फोडायची आणि भुकटी जखमेवर दाबायची. तात्यांचं आयुष्य असंच गेलेलं. कुठं खरचटलं, दाढ दुखली, कणकण आली, की दोन गोळ्या, आणि बरं वाटलं की बंद.

मला तिसऱ्या दिवशी दिसलं. पाय सुजलेला. मी म्हटलं, "भाऊंना दाखवा."

तात्या म्हणाले, "गप. दोन तास भाषण ऐकायला मला येळ न्हाय. बरं होतंय."

आणि मी गप्प बसले. हे माझं. तात्यांनी मोजे घालायला सुरुवात केली. उभ्या जन्मात कधी मोजे घातले नव्हते. भाऊंनी विचारलं, "तात्या, मोजे कसे काय?" आणि मीच उत्तर दिलं, "थंडी वाजतीया त्यांना." कार्तिकातल्या भर दुपारी.

असे आणखी पाच-सहा दिवस गेले. मग एका दुपारी दोघं शेजारी जेवायला बसले होते. भाऊंनी दुसरी भाकरी मोडली, घास तोंडाकडं नेला आणि तो परत ताटात ठेवला. अकरा वर्षांत त्या माणसानं उचललेला घास खाली ठेवलेला मी बघितला नव्हता. त्यांना वास आला होता.

"तात्या, मोजा काढा."

"जेवा की आधी."

"मोजा काढा."

मोजा निघाला. मी ते लिहीत नाही. करंगळी काळी पडली होती एवढं सांगते.

मी वाट बघत होते की आता भाऊ फुटतील. त्यांनी हात धुतले, शेजारची जीप काढायला लावली, तात्यांना धरून बसवलं आणि बारामतीला गेलो. सगळा रस्ता भाऊ खिडकीतून बाहेर बघत होते.

डॉक्टर तरुण होते, आमच्या थोरल्याच्या वयाचे. पायाची करंगळी काढावी लागली, त्याच दिवशी. पू तपासायला पाठवला. तीन दिवसांनी कागद आला तो भाऊंनी वाचला, दवाखान्याच्या बोळात उभं राहून. कागदावर औषधांच्या नावांची मोठी ओळ, वरून खाली. त्यांचं बोट खाली खाली जात होतं आणि प्रत्येक नावापुढं तेच एक अक्षर.

मी विचारलं, "हे काय लिवलंय पुढं?"

"आर."

"म्हंजी?"

"म्हंजे त्या औषधाला हा जंतू भीक घालत न्हाय."

"आन खाली?"

"खाली पण आर." बोट अगदी तळाला गेलं. "हितं दोन उरलीत, वहिनी. दोनच."

डॉक्टरांनी आत बोलावून सांगितलं, की त्यातलं एक इंजेक्शन चालू केलंय. आठवडाभर बघू. फरक पडला तर पाऊल वाचेल, नाहीतर घोट्याच्या वरून विचार करावा लागेल. तात्यांना हे सांगितलं नाही, पण तात्यांना कळलंच होतं. ते मला म्हणाले, "पाण्याच्या बारीला विहिरीवरची मोटार चालू करायला कोण जाईल गं?" पाय गेला तर जगायचं कसं हे ते विचारत नव्हते. विहिरीपर्यंत कोण जाईल हे विचारत होते. मला तेच जास्त लागलं.

बाहेर बाकावर भाऊ बसले होते. मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "भाऊ, बोला की आता. शिव्या द्या मला. मीच म्हटलं थंडी वाजतीया म्हणून."

ते बराच वेळ कातर खिशातून काढत होते आणि परत ठेवत होते. मग म्हणाले, "तुमी लपवलं कशामुळं? माझ्या तोंडामुळं. सगळा जन्म बोललो मी. लोकांनी गोळ्या खायचं थांबवलं न्हाय वहिनी, मला सांगायचं थांबवलं."

खरं होतं. माझंही खरं होतं आणि त्यांचंही.

आठवड्यानं फरक पडला. सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, पाऊल आत्ता हाताशी आहे, पण धोक्यातून सुटलेलं नाही. घरी जा, सहा आठवडे गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. आत हाडापर्यंत गेलेलं आहे, मधेच सोडलं तर पुन्हा द्यायला माझ्याकडं फारसं काही नाही. असं स्पष्ट सांगितलं.

पहिले तीन आठवडे तात्यांनी इमानानं खाल्ल्या. मग जखम वरून भरत आली, आणि तात्या ते तात्या. "तोंड कडू पडतंय. चव न्हाय कशाला. बरं झालं की आता." मी डोळे वटारले की गोळी तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे, मिशा पुसायचे. आम्ही निर्धास्त.

एका सकाळी सूनबाई धुणं धुवत होती, तिनं मला हाक मारली. तात्यांची टोपी बादलीत बुडवली तर आतल्या घडीतून काहीतरी पांढरं विरघळत होतं. गोळ्या. गालात धरून ठेवायचे आणि मिशा पुसायच्या निमित्तानं टोपीच्या घडीत सारायचे. तिथं तीन सापडल्या. खुंटीवरच्या दुसऱ्या टोपीत आणखी दोन.

मी त्या टोप्या तशाच भाऊंच्या समोर ठेवल्या. म्हटलं, आता तरी तोंड सोडा. तात्या पलंगावर बसलेले, शाळेत धरून आणलेल्या पोरासारखे. भाऊंनी टोपी उलटी केली, सुलटी केली. बारामतीच्या डॉक्टरांना फोन लावला, काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, पुढं कसं करायचं ते कागदावर लिहून घेतलं. मग तात्यांच्या पलंगाशेजारी खाली मांडी घातली आणि शांतपणे म्हणाले, "तात्या, आजपास्नं तुमची गोळी पोटात गेली की माझा घास. तुमची न्हाय गेली तर माझा बी न्हाय."

तात्या हसले. "तू आन उपाशी? अर्ध्या तासात भाकरी मागशील."

आम्हालाही तसंच वाटलं. आणि योग असा, की त्याच सकाळी भाऊंच्या पुतण्यानं भिगवणहून चिलापी मासळी आणलेली. ताजी, बोटभर जाड तुकडे. मी लसूण, कोथिंबीर, सुकं खोबरं वाटून रस्सा केला, थोडे तुकडे तव्यावर तळले. चिलापी म्हणजे भाऊंचा जीव की प्राण. काटेसुद्धा चोखून रांगेत ठेवायचे.

ताट वाढलं. भाऊ मांडी घालून ताटासमोर बसले, हात मांडीवर. तात्यांनी पोटभर खाल्लं आणि गोळीकडं बघितलं नाही. भाऊंनी ताटाकडं बघितलं आणि खाल्लं नाही. रश्श्यावर साय धरली. मांजर दोनदा येऊन गेलं, तर भाऊंनी स्वतः ताटावर झाकण घातलं.

"अरे खा की," तात्या म्हणाले.

"गोळी."

"संध्याकाळी घेतो."

"मी बी संध्याकाळी जेवतो."

दुपार कलली. चार वाजता मी चहा केला, तो भाऊंनी नाकारला. त्यांच्या पोटातला आवाज मला स्वयंपाकघरात येत होता, खोटं नाही सांगत. तात्या या कुशीवरून त्या कुशीवर. एकदा म्हणाले, "लई हट्टी माणूस." एकदा म्हणाले, "हा मरंल आन मला खडी फोडायला पाठवंल." मग नुसतेच भाऊंकडं बघत राहिले. गाईंच्या धारा काढून मी आत आले तेव्हा तात्या मला म्हणाले, "त्याला रस्सा गरम करून दे."

भाऊ म्हणाले, "आधी गोळी."

"आण गं ती गोळी. पण हा उपाशी मेल्याला मला बघवत न्हाय म्हणून घेतोय, पायासाठी न्हाय."

"कशासाठी बी घ्या. आ करा."

"आ कशाला?"

"जीभ वर करा. आता गाल दाखवा. टोपी द्या हिकडं."

मग भाऊ जेवले. मी किती भाकऱ्या थापल्या ते मोजलं नाही, पीठ संपलं एवढं खरं.

पुढं रोज दोन वेळा हाच खेळ. तात्या तोंड उघडणार, भाऊ वाकून बघणार, मग ताटाला हात लावणार. नातवाला त्याचं इतकं वेड लागलं, की तोही दूध पिऊन कंपाउंडर आजोबांपुढं जीभ वर करून उभा राहायचा. मधल्या काळात भाऊंनी आणखी एक केलं. ओसरीवरच्या खिळ्याला एक कापडी पिशवी अडकवली आणि वस्तीत निरोप धाडला, उरलेल्या गोळ्या हिच्यात टाका, मी कुणाला काही विचारणार न्हाय. लोकांना खरं वाटेना. आधी दोघं-तिघं आले, पिशवीत टाकून भाऊंकडं न बघता पळाले. भाऊ आतून बघायचे, दात-ओठ खायचे, मांडीला चिमटा काढायचे, पण विचारायचे नाहीत. मग बाया यायला लागल्या, थांबायला लागल्या. एक जण पोराला कडेवर घेऊन आली, म्हणाली, "कंपाउंडर, ही गोळी शेजारनीनं दिलीया, देऊ का नको?" भाऊंनी एवढंच विचारलं, "डॉक्टरला दाखवलं का? चल, मी येतो संगं." आणि गेले. फार्मासिस्ट म्हण असंही म्हणाले नाहीत.

कोर्स पुरा झाला. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, फोटो बघितला आणि भाऊंकडं वळून म्हणाले, "पाऊल राहिलं." तात्यांकडं बघून नाही म्हणाले, भाऊंकडं बघून.

उन्हाळ्यात भाऊ खोली सोडून गेले. गुडघे धरले होते, मुलगी ऐकेना, सोलापूरला चला म्हणून हट्ट धरला तिनं. भिगवणहून गाडी. तात्या म्हणाले, मी येणार पोचवायला. करंगळी गेल्यापासून तात्यांचं चालणं जरा तिरपं पडायचं, तोल डावीकडं जायचा, म्हणून चारचौघांत ते काठी धरून बसून राहायचे. त्या दिवशी काठी घरी ठेवली.

गाडी आली. सामान चढवलं. भाऊ खिडकीशी बसले. मला वाटलं काहीतरी बोलतील, डोळे पुसतील. कसलं काय. खिडकीतून तात्यांच्या पायांकडं बघून म्हणाले, "चाला बघू जरा."

"आता?"

"व्हय आता. त्या पाण्याच्या नळापर्यंत जा आन माघारी या. उजवा पाय सबंध टेकवा."

प्लॅटफॉर्मवर ही गर्दी. तात्यांनी धोतर सावरलं आणि निघाले. माणसं बाजूला होत होती. दहा पावलं तिरपी गेली, मग सरळ पडायला लागली. तात्या मान ताठ करून, कवायतीला निघाल्यासारखे चाललेले, मागं न बघता. ते नळापाशी पोचले आणि गाडी हलली.

तात्या वळले तेव्हा शेवटचा डबा सिग्नलकडं चालला होता. ते आले तसे सरळ चालत माझ्यापर्यंत आले. दम लागला होता.

"बघितलं का त्यानं?" म्हणाले.

"बघितलं की," मी म्हटलं.

पण मला काय माहीत? मीसुद्धा तात्यांच्या पायांकडंच बघत होते.